जुन्या सिव्हिकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा शिफ्ट सोलेनॉइड घरच्या घरी बदलताना

अमेरिकेत १९९६ ते २००० या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या होंडा सिव्हिक अजूनही रस्त्यावर दिसतात, आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या किंवा नोकरदाराच्या हाती पहिली जुनी गाडी म्हणून त्यांतलीच एखादी पडणे अगदी स्वाभाविक आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या अशा गाडीत एखाद्या दिवशी डी४ चा, म्हणजे गिअरचा दांडा चार गिअरच्या ड्राइव्ह स्थानावर असल्याचे दाखवणारा, हिरवा दिवा लुकलुकू लागतो, गाडी सिग्नलवरून उठताना ओढल्यासारखी निघते किंवा गिअर बदलताना धक्का देते, आणि चौकशी केल्यावर अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळतो. तो खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होत असल्याने चांगली चालणारी गाडी भंगारात जाते, आणि माझ्या मते यात पुष्कळदा उगाच नुकसान होते. या पिढीच्या सिव्हिकमध्ये शिफ्ट सोलेनॉइड, म्हणजे गिअर बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सच्या पोटात दडलेला नसून बाहेरून तीन बोल्टांनी बसवलेला असतो, त्यामुळे तो बदलणे नवख्या माणसालाही शांतपणे जमण्यासारखे आहे. अवघड भाग आहे तो दोष सोलेनॉइडचाच आहे याची खात्री करून घेण्याचा, म्हणून या लेखातही सर्वांत जास्त जागा मी त्यालाच दिली आहे.

पुढील आकडे चार गिअरच्या ऑटोमॅटिक सिव्हिकचे आहेत. याच काळातील एचएक्स प्रकारात सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेली ऑटोमॅटिक यंत्रणाही मिळत असे, तिची रचना पूर्णपणे वेगळी आहे. भारतात सिव्हिक आली ती २००६ साली, आठव्या पिढीची आणि पाच गिअरच्या ऑटोमॅटिकसह, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी तपासणीची पद्धत जरूर समजून घ्यावी, पण हे आकडे त्या गाडीला लावू नयेत.

सोलेनॉइडचे काम

सोलेनॉइड म्हणजे तारेची गुंडाळी आणि तिच्या आत सरकणारी लोखंडी दांडी. गुंडाळीत वीज सोडली की दांडी सरकते आणि तेलाची एक वाट उघडते किंवा बंद होते. गाडीचा संगणक या वाटा उघडझाप करून तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे पाठवतो आणि त्यातून गिअर पडतो. या गिअरबॉक्समध्ये ए आणि बी असे दोन शिफ्ट सोलेनॉइड एकाच बुडावर, एक जोडणी म्हणून बसवलेले असतात, आणि चारही गिअर त्यांच्या चालू-बंद जोड्यांतून ठरतात. पहिल्या गिअरला ए बंद व बी चालू असतो, दुसऱ्याला दोन्ही चालू असतात, तिसऱ्याला ए चालू व बी बंद असतो, आणि चौथ्याला दोन्ही बंद असतात.

या जोड्या लक्षात ठेवल्या तर गाडीच्या वागण्यावरून बराच अंदाज बांधता येतो. समजा बी ची गुंडाळी तुटली आहे. संगणक पहिला गिअर मागतो, पण बी चालू होऊ न शकल्याने दोन्ही बंद राहतात आणि पडतो तो चौथा. दुसरा मागितला की तिसरा पडतो. अशी गाडी जागेवरून उठायला कुंथते, मात्र एकदा वेग घेतला की हमरस्त्यावर नीट चालते. याउलट ए निकामी असेल तर पहिला गिअर व्यवस्थित पडतो, दुसऱ्याच्या जागी पहिलाच टिकून राहतो आणि नंतर गाडी थेट चौथ्यात जाते. दोष लक्षात आल्यावर संगणक स्वतःची चाल बदलतो, म्हणून चित्र प्रत्येक वेळी इतके स्वच्छ दिसेल असे नाही, तरी पहिल्या एक-दोन मैलांत गाडी कशी वागते ते नीट पाहून लिहून ठेवावे.

याच गिअरबॉक्सवर आणखी दोन सोलेनॉइड-जोडण्या असतात. एक टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे देणाऱ्या भागाच्या) लॉक-अपसाठी, म्हणजे तो घसरू नये म्हणून जखडण्यासाठी असते, तर दुसरी, लिनिअर सोलेनॉइड, क्लचवरील दाब कमी-अधिक करते. बाहेरून या तिन्ही जोडण्या नवख्याला सारख्याच वाटतात, म्हणून सुटा भाग मागवताना नाव नीट पाहावे लागते.

दोष नेमका कोठे आहे

सर्वप्रथम तेल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत, चालू ठेवावे. मग ते बंद करून साधारण मिनिटभरात गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालावी आणि पातळी पाहावी. इतर अनेक कंपन्यांच्या ऑटोमॅटिक गाड्यांत ही पातळी इंजिन चालू ठेवून पाहतात, होंडात मात्र इंजिन बंद करून पाहायची असते, आणि हा फरक न कळल्यामुळे तेल कमी-जास्त भरले जाते. तेल कमी असेल तर आधी ते पुरे करावे, कारण अपुऱ्या तेलानेही गिअर घसरतात. तेल काळे पडून त्याला जळका वास येत असेल, सगळेच गिअर घसरत असतील किंवा रिव्हर्स टाकल्यावर गाडी बराच वेळ जागची हलत नसेल, तर क्लच झिजलेले असण्याची शक्यता मोठी आहे. सोलेनॉइड बदलून ते भरून येत नाहीत, तेव्हा तेथेच थांबावे.

त्यानंतर संगणकातील दोष-संकेत वाचावेत. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व गाड्यांना ओबीडी-२ चा, म्हणजे दोष वाचण्याच्या प्रमाणित पद्धतीचा, सोळा पिनांचा कनेक्टर असतो आणि सिव्हिकमध्ये तो डॅशबोर्डखाली सापडतो. फोनला जोडला जाणारा स्वस्तातला रीडरही यासाठी पुरतो. पी०७५३ हा संकेत शिफ्ट सोलेनॉइड ए चा आणि पी०७५८ हा बी चा असतो. पी१७५३ आणि पी१७५८ हे लॉक-अप सोलेनॉइडचे, तर पी१७६८ हा लिनिअर सोलेनॉइडचा. हे होंडाचे स्वतःचे संकेत असल्याने स्वस्त रीडर त्यांचा अर्थ सांगत नाही, फक्त आकडा दाखवतो. हे पाचही संकेत विजेच्या मार्गातील बिघाड दाखवतात. पी०७३० आणि पी०७४० यांचा अर्थ मात्र वेगळा आहे: विजेचा मार्ग ठीक दिसतो, पण गिअर किंवा लॉक-अप अपेक्षेप्रमाणे काम करत नाही, असे संगणक सांगत असतो. तेथे कारण तेलात, सोलेनॉइडखालच्या पॅकिंगमधल्या गाळणीच्या जाळीतल्या कचऱ्यात, अडकलेल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा झिजलेल्या क्लचमध्ये असू शकते. केवळ पी०७३० दिसला म्हणून नवा सोलेनॉइड मागवणे मला योग्य वाटत नाही. तेव्हा जुनाच सोलेनॉइड काढून त्याची जाळी व वाटा स्वच्छ कराव्यात, नवे पॅकिंग घालावे आणि गिअरबॉक्सचे तेल बदलून पाहावे. हा खर्च थोडका असतो आणि त्याने बऱ्याचदा काम भागते.

पी०७५३ किंवा पी०७५८ मिळाला, तरी तो फक्त विजेचा मार्ग बिघडल्याचे सांगतो. बिघाड गुंडाळीत आहे, वायरीत आहे की कनेक्टरमध्ये, हे मल्टिमीटरनेच ठरवावे लागते. चावी बंद करून सोलेनॉइडचा कनेक्टर सोडवावा. कनेक्टरवरची खिटी दाबून प्लास्टिकचा भाग धरून ओढावे, वायरी धरून ओढू नये, कारण पंचवीस वर्षांचे प्लास्टिक काचेसारखे ठिसूळ झालेले असते. सोलेनॉइडच्या बाजूला दोन पिना दिसतील, एक ए ची आणि एक बी ची. दोघांचीही परतीची वाट सोलेनॉइडच्या धातूच्या अंगातून गिअरबॉक्सच्या कवचात जाते, त्यामुळे मल्टिमीटर ओहमवर लावून एक टोक पिनेला आणि दुसरे गाडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला लावायचे असते. वाचन १२ ते २५ ओहमच्या दरम्यान आले तर गुंडाळी ठीक आहे. मीटरने अनंत दाखवले तर तार तुटलेली आहे, आणि वाचन शून्याजवळ आले तर आत शॉर्ट झालेला आहे. दोन्ही पिनांची वाचने कागदावर लिहून ठेवावीत. चांगल्या जोडणीत ती एकमेकांच्या जवळपास असतात.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. काही गुंडाळ्या थंड असताना बरोबर वाचन देतात आणि तापल्यावर तुटतात, म्हणून गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवून आणल्यावर, हात भाजणार नाही याची काळजी घेऊन, हेच मोजमाप पुन्हा घ्यावे. परतीची वाट बोल्टांतून आणि कवचातून जात असल्याने बोल्ट सैल असेल किंवा बूड गंजलेले असेल तर चांगला सोलेनॉइडही मीटरवर खराब दिसतो. अशा वेळी मीटरचे दुसरे टोक थेट सोलेनॉइडच्या धातूच्या अंगाला लावून पाहावे. त्यानंतर बॅटरीच्या धन टोकाकडून फ्यूज लावलेल्या वायरीने एकेका पिनेला क्षणभर वीज द्यावी आणि कान देऊन ऐकावे. दांडी सरकत असेल तर स्पष्ट टक् असा आवाज येतो. त्यावरून दांडी हलते एवढे कळते, तेलाची वाट पूर्ण बंद होते की नाही ते मात्र कळत नाही.

दोन्ही गुंडाळ्या थंड आणि गरम अवस्थेत १२ ते २५ ओहम दाखवत असतील, आवाजही येत असेल आणि तरीही विजेचा संकेत परत परत येत असेल, तर नवा सोलेनॉइड विकत घेऊ नये. कनेक्टरच्या आत तेल किंवा हिरवट गंज आहे का ते पाहावे. बॅटरीतून पाझरलेले आम्ल पडून वायरीचे आवरण कोठे खराब झाले आहे का आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहावे, आणि संगणकापर्यंतची वायर मीटरने तपासावी.

जमवाजमव

सोलेनॉइड जोडणी शक्यतो होंडाची मूळ किंवा नामांकित निर्मात्याची घ्यावी, आणि तिच्यासोबत जाळी असलेले नवे पॅकिंग आहे याची खात्री करावी, नसल्यास ते वेगळे मागवावे. अवजारांत १० मिमीचे सॉकेट, लांब एक्स्टेन्शनसह रॅचेट, मल्टिमीटर, पसरट ट्रे, लांब नळीचे नरसाळे, ब्रेक क्लीनरचा डबा, धागे न सुटणारे कापड, हातमोजे आणि चष्मा एवढे पुरेसे आहे. याशिवाय कमी मापाचा टॉर्क रेंच आवश्यक आहे. अंदाजाने आवळण्याचे हे काम नव्हे. ऑटोझोनसारख्या दुकानांत अनामत रक्कम ठेवून अशी अवजारे वापरायला नेता येतात. तेलासाठी होंडाचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) डीडब्ल्यू-१ घ्यावे, कारण मूळच्या झेड-१ तेलाची जागा आता त्याने घेतली आहे.

जागेचाही विचार आधी करावा. अपार्टमेंटच्या वाहनतळावर गाडी दुरुस्त करण्यास भाडेकरारात अनेकदा मनाई असते, तेव्हा करार वाचावा किंवा स्वतःचे गॅरेज असलेल्या परिचितांकडे हे काम करावे.

काढणे आणि बसवणे

गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून पी मध्ये टाकावी, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन दोन-तीन तास निवू द्यावे. जुना मूळ रेडिओ असेल तर बॅटरी सोडवल्यावर तो पाच आकडी कोड मागतो, म्हणून तो कोड हाताशी ठेवूनच बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. या सिव्हिकमध्ये गिअरबॉक्स प्रवाशाच्या बाजूला, बॅटरी आणि एअर क्लीनरच्या खालच्या अंगाला असतो. एअर क्लीनरकडून इंजिनाकडे जाणारी जाड नळी काढली की हात घालायला जागा होते, आणि उघड्या तोंडात काही पडू नये म्हणून तेथे स्वच्छ कापड लावावे. खालून हात पोचवण्यासाठी गाडी उचलावी लागली तर मागच्या चाकांना ठोकळे लावून ती जॅक-स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

एकाच बुडावर शेजारी शेजारी बसलेली दोन छोटी नळकांडी आणि त्यांना जाणारा दोन वायरींचा कनेक्टर, अशी सोलेनॉइड जोडणीची ओळख सांगता येईल. लॉक-अपची जोडणीही तशीच दिसते, म्हणून नवा भाग हातात धरून बुडाचा आकार, बोल्टांच्या जागा आणि कनेक्टर ताडून पाहावेत, आणि सोडवण्यापूर्वी फोनवर दोन-तीन बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत.

बोल्टांना हात लावण्यापूर्वी भोवतालची माती आणि तेलकट काजळी ब्रशने व ब्रेक क्लीनरने पूर्णपणे काढून टाकावी. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये, कारण सोलेनॉइड उचलल्यावर खाली तेलाच्या वाटांची उघडी छिद्रे असतात आणि त्यांत गेलेला वाळूचा एक कण थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसू शकतो. स्वच्छता झाली की खाली ट्रे ठेवावा, कनेक्टर सोडवावा आणि १० मिमीच्या सॉकेटने तिन्ही बोल्ट थोडे थोडे करून सैल करावेत. बोल्ट अडत असेल तर जोर न लावता गंज सोडवणारे तेल मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, थोडे आवळून मग सोडवावे. हे बोल्ट केवळ ६ मिमी जाडीचे आहेत, आणि तुटलेला बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातून काढणे हे घरचे काम राहत नाही.

बोल्ट निघाल्यावर जोडणी हलकेच डावी-उजवी हलवून सरळ बाहेर घ्यावी. थोडे तेल गळते; ते किती गळले याचा अंदाज ठेवावा. आता पॅकिंगकडे नीट पाहावे. त्यातच बारीक जाळी बसवलेली असते, आणि जुन्या गाडीत तिच्यावर क्लचच्या अस्तराचा काळा गाळ किंवा राखाडी चूर जमलेला दिसतो. बोटांत चोळल्यावर तो मऊ लागला तर वयोमानाची झीज समजावी. चमकणारे धातूचे कण किंवा कपच्या दिसल्या तर गिअरबॉक्सच्या आत काहीतरी मोडत आहे आणि नवा सोलेनॉइड ते थांबवू शकणार नाही. कवचावर जुन्या पॅकिंगचे तुकडे चिकटले असतील तर ते प्लास्टिकच्या पातीने काढावेत. लोखंडी पाते अ‍ॅल्युमिनियमवर चरे पाडते आणि त्या चऱ्यांतून पुढे तेल झिरपत राहते. पृष्ठभाग आणि छिद्रांच्या कडा कापडाने पुसाव्यात, पण छिद्रांत कापड कोंबू नये.

नवी जोडणी बसवण्यापूर्वी तिच्या दोन्ही गुंडाळ्यांचे वाचन घ्यावे, म्हणजे खोक्यातूनच खराब आलेला भाग वेळीच सापडतो. नवे पॅकिंग कोरडेच बसवावे. त्याला सिलिकॉन किंवा कोणताही चिकट द्रव लावू नये, कारण त्याचा सुटलेला तुकडा जाळी बुजवतो. तिन्ही बोल्ट आधी बोटांनीच फिरवावेत. बोल्ट बोटांनी चार-पाच फेरे सहज गेला नाही तर तो वाकडा बसत आहे असे समजून काढून पुन्हा लावावा. शेवटी टॉर्क रेंच १२ न्यूटन-मीटरवर, म्हणजे सुमारे १०६ इंच-पाउंडांवर लावून तिन्ही बोल्ट आळीपाळीने आवळावेत. हा आकडा मोठ्या पान्याची सवय असलेल्या हाताला फार कमी वाटतो, आणि म्हणूनच येथे आटे जातात. कनेक्टर टक् वाजेपर्यंत आत दाबावा, हवेची नळी जागच्या जागी बसवावी आणि बॅटरी जोडावी.

तेल

नुसता सोलेनॉइड बदलायला सगळे तेल काढावे लागत नाही, गळले तेवढे भरले की पुरते. मात्र गाडी जुनी असेल आणि तेल कधी बदलले याची नोंद नसेल, तर ते आताच बदलावे. या गिअरबॉक्सला खाली काढता येणारी तेलाची परात नसते, फक्त निचऱ्याचा बोल्ट असतो. त्यात ३/८ इंची रॅचेटचे चौकोनी टोक थेट बसते, आणि हीच त्याची खूण. इंजिन तेलाच्या बोल्टचे डोके षटकोनी असते. दोघांची गल्लत होऊन भलतेच तेल काढले जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. बोल्टच्या टोकाला चुंबक असतो, त्यावरचा राखाडी लेप पुसून घ्यावा, नवा वायसर घालावा आणि बोल्ट ४९ न्यूटन-मीटरवर आवळावा. तेल डिपस्टिकच्या छिद्रातून नरसाळ्याने भरावे लागते. एका वेळी साधारण २.७ लिटर तेल निघते, तर कोरड्या गिअरबॉक्समध्ये एकूण ५.९ लिटर मावते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. त्यामुळे एकदा बदलल्यावर निम्म्याहून थोडे कमीच तेल नवे होते. मधे मधे गाडी चालवून तीनदा बदलले तर सुमारे ८४ टक्के नवे होते. यंत्राच्या दाबाने तेल ढकलून धुण्याच्या सेवेपेक्षा जुन्या होंडासाठी मी हीच संथ पद्धत पसंत करतो.

पहिली फेरी

संकेत रीडरने पुसून टाकावेत. ब्रेक दाबून धरून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानावर दोन-तीन सेकंद ठेवत सर्व स्थाने फिरवावीत, गाडीखाली तेल ठिबकत नाही ना ते पाहावे आणि मग रहदारी नसलेल्या रस्त्यावर हलक्या पायाने निघावे. सोलेनॉइडच कारण असेल तर गाडी पहिल्यातून सहज उठते आणि दुसरा, तिसरा, चौथा असे तीन बदल वेगवेगळे जाणवतात. डी४ चा दिवा पुन्हा लुकलुकला तर त्याच जागी संकेत वाचावा. तो आधीचाच असेल तर बोल्टांतून जाणारी विजेची परतीची वाट (अर्थिंग), कनेक्टर आणि वायर यांकडे परत वळावे.

परतल्यावर तापलेल्या इंजिनासह तेलाची पातळी पुन्हा पाहावी आणि दोन्ही खुणांच्या मधे आणावी. जास्त झालेले तेल फेसाळते, म्हणून ते काढून टाकणेही तितकेच आवश्यक आहे. पुढचा आठवडाभर रोज सकाळी गाडीखालच्या जमिनीकडे आणि एकदा बॉनेट उघडून पॅकिंगच्या कडेकडे नजर टाकावी. जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून सुट्या भागांच्या दुकानात किंवा स्थानिक संकलन केंद्रात द्यावे. बदलल्याची तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि दोन्ही गुंडाळ्यांची वाचने गाडीच्या वहीत लिहावीत, कारण पुढे लॉक-अपच्या सोलेनॉइडची पाळी आली तर हीच पद्धत आणि हाच १२ ते २५ ओहमचा निकष वापरायचा आहे.